होडीचे नाक आणि ट्रेलरचा खांब

अमेरिकेतले मिनेसोटा राज्य मोटारींच्या नंबरपाट्यांवर 'दहा हजार तळी' असे मिरवते. यात अतिशयोक्ती नाहीच, उलट संकोच आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो! आपल्याकडे जिन्याखाली सायकल असावी तशी इथे पुष्कळांच्या अंगणात होडी असते. तळे घरापासून कोसावर असो की पन्नास मैलांवर, तिथवर होडी न्यायची ती मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवरून. होडीच्या गमतीजमती सारेच सांगतात; ट्रेलरची चौकशी कोणी करीत नाही. अनेकांच्या होड्या फुटतात त्या पाण्यात नव्हे, या ट्रेलरवरच!

माझे आजोळ हर्णैचे. तिथे होडी किनाऱ्यावर घ्यायची म्हणजे तिच्याखाली लाकडी ओंडके, पुढे दोरखंड आणि दहापंधरा गड्यांचा एका सुरातला जोर. मिनेसोटात इतके गडी कुठून आणायचे? त्यांचे काम ट्रेलरच्या पुढच्या खांबावर बसवलेले एक वीतभर यंत्र करते. त्याचे नाव विंच. विहिरीवरच्या रहाटाचा हा धाकटा भाऊच म्हणा ना. मूठ फिरवली की दातेरी चाके फिरतात, रुळावर पट्टा गुंडाळला जातो आणि पट्ट्याच्या आकड्यात अडकवलेली होडी इंचाइंचाने वर चढते. मूठ सोडली तरी ती मागे घसरत नाही, कारण एक लोखंडी खिटी दात्यात अडकून बसते. त्याच खांबावर मधोमध खाच असलेला एक रबरी ठोकळा असतो. होडीचे नाक, दर्यावर्दी भाषेत नाळ, त्या खाचेत येऊन टेकावी अशी योजना.

दोन वर्षांपूर्वी आम्ही फायबरग्लासची एक सोळा फुटी जुनी होडी घेतली. किंमत बेताची होती, आणि ती बेताची का, हे नाकाकडे पाहताच कळत होते. तळहाताएवढा टवका उडून आतले काचतंतू उघडे पडले होते. विकणारे गृहस्थ सज्जन. त्यांनी आपण होऊन सांगितले, "दोनदा बुजवले, दोनदा निघाले." आता, एकच जखम तीनदा उघडली तर शहाण्या माणसाने मलम बदलीत बसू नये, रोज ठेच कुठे लागते ते पाहावे.

ती ठेच खांबात होती. हा ट्रेलर मूळचा एका लहान, बुटक्या होडीसाठी घेतलेला. पुढे होडी मोठी आली, पण खांब होता तिथेच राहिला. धाकट्याचा सदरा थोरल्याला घातल्यासारखा प्रकार! रबरी ठोकळा इतका खाली होता, की नाक त्याच्यावरून पुढे सरकून विंचच्या उघड्या लोखंडी बैठकीला भिडे. मोटारीचा ब्रेक लागला की एक धक्का. असे शेकडो धक्के खाल्ल्यावर कोणते नाक टिकेल?

पण नाकापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटली. खांब फार मागे असल्यामुळे होडीही मागे बसत होती. खालच्या लांब फळ्यांच्या टोकाबाहेर तिची पाठ आठ इंच लोंबत होती, आणि इंजिन नेमके त्या लोंबत्या पाठीवर! अशाने ट्रेलरचा मोटारीला जोडायचा दांडा हलका होतो. दांड्यावर पुरेसा भार नसला तर भरधाव वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि शेवटी मोटारीलाच फरफटवतो. बोटींच्या ट्रेलरांसाठी हा भार एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के धरतात. आमचे होडीसकट वजन हजार किलोच्या आसपास. सौ.चा न्हाणीघरातला वजनकाटा मी गुपचूप बाहेर आणला, चाकांना उटी लावली, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर दांडा टेकवला. भरले फक्त ३३ किलो! मागच्या आसनावर बसणार आमची बारा वर्षांची कन्या. तो आकडा पाहिल्यावर रंगरंगोटीचा विषयच मनातून गेला.

कामाला सुरुवात केली ती मात्र खांबापासून नव्हे, कडीपासून. नाकाच्या खालच्या अंगाला एक पोलादी कडी असते आणि विंचची सारी ओढ तिच्यावर येते. कडी बाहेरून चकचकीत दिसत होती. पण तिचे नट आतल्या बाजूला, एका लाकडी ठोकळ्यावर आवळलेले असतात. त्या अरुंद जागेत माझा हात शिरेना. कन्येचा शिरला. "बाबा, लाकूड केकसारखं लागतंय," ती म्हणाली. टवक्यातून झिरपलेल्या पाण्याने लाकूड कुजून गेले होते! ती कडी भर उतारावर निसटली असती तर पुढे काय, ते सांगायला नको. नवे लाकूड रेझिन पाजून बसवले, भोके सीलंटने बुजवली, बोल्ट बदलले.

मग तळ्यावर होडी पाण्यात सोडून रिकाम्या ट्रेलरचा खांब यू आकाराचे बोल्ट सैल करून आठ इंच पुढे घेतला आणि विंचची बैठक वर उचलली. कडी रबरी ठोकळ्याच्या किंचित खाली यावी, म्हणजे नाक वर उसळू शकत नाही. आणि कडीपासून विंचपर्यंतचा पट्टा सरळ रेषेत असावा, कुठे कड घासता कामा नये. होडी चढवून घरी आलो आणि पुन्हा वजन केले: ६८ किलो. वजनकाट्याची ही दुसरी फेरी मात्र सौ.नी पाहिली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता नाक. रबरी ठोकळा तेवढ्यापुरता काढून ठेवला. उकललेला भाग घासून पक्क्या थरापर्यंत गेलो आणि तो बरेच दिवस कोरडा होऊ दिला. इथे घाई करणाऱ्याचाच टवका पुन्हा उडतो. थर पाव इंच जाड असेल तर भोवती तीन इंचांपर्यंत उतरता काठ करावा लागतो, बारास एक या हिशेबाने. म्हणजे नव्या कापडाला जुन्याची भरपूर पकड मिळते. मग अ‍ॅसिटोनने पुसून काचकापडाचे तुकडे लहानमोठ्या मापांनी, रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक. घासताना तोंडाला धूळ-वाफ अडवणारा मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. रेझिन घट्ट करणारे द्रव डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. हवा थंड असेल तर रेझिन नीट आळत नाही, म्हणून मिनेसोटात हे काम उन्हाळ्यातच उरकायचे.

सर्वांत वरचा थर जेलकोटचा, आणि खरी परीक्षा त्याच्या रंगाची. होडी पांढरी, पण पांढरे किती प्रकारचे! मी तीन मिश्रणे केली. सौ.नी एकेक पाहून निकाल दिला: पहिले ताकाचे, दुसरे खोबऱ्याचे, तिसरे जुन्या धोतराचे. होडी धोतराच्या वाणाची होती. थर वाळल्यावर आधी जाडाभरडा, मग बारीक काचकागद पाणी लावून फिरवला आणि पॉलिश केले. जोड कुठे आहे ते आता मलाही चटकन दाखवता येत नाही.

विंचबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भार असताना खिटी उचलून मूठ मोकळी सोडू नये. ती गरगर फिरून मनगट मोडते. आणि प्रवासात एकट्या पट्ट्यावर भरवसा टाकू नये. पुढे वेगळी साखळी आणि मागे दोन पट्टे हवेतच.

यंदा उन्हाळ्यात आम्ही पेपिन तळ्यावर गेलो. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराने पाण्यावर पळ्या लावून घसरण्याचा खेळ याच तळ्यावर प्रथम करून दाखवला. वाटेत वीस मैलांवर थांबलो. चाकांच्या मध्याला हात लावून ती तापली नाहीत ना पाहिले, साखळी ओढून पाहिली. कन्येने आपण होऊन नाक तपासले आणि ठोकळा व नाक यांच्यामध्ये पोस्टकार्ड घालून पाहिले. ते शिरेना. "चला," ती म्हणाली आणि मागच्या आसनावर जाऊन बसली.