रज्जुमार्गाचे वय आणि त्यावरील विश्वास

दिवाळीची सुट्टी संपली की पेण आणि रोहा तालुक्यांतील शाळांमध्ये सहलींची लगबग सुरू होते. पहाटेच्या गारव्यात एस.टी.च्या गाड्या निघतात. पेणची गाडी वडखळ, नागोठणेमार्गे आणि रोह्याची कोलाडमार्गे मुंबई-गोवा महामार्गाला लागते व माणगाव किंवा महाडवरून पाचाडकडे वळते. गंतव्य असते किल्ले रायगड. पायथ्याशी पोहोचल्यावर पुढे दोन वाटा आहेत : एक शेकडो पायऱ्यांची आणि दुसरी हिरकणीवाडीतून वर जाणाऱ्या रज्जुमार्गाची.

ज्या वाडीशी कड्यावरून उतरून आपल्या तान्ह्या बाळाकडे धावलेल्या गवळणीची आख्यायिका निगडित आहे, त्याच वाडीतून १९९६ सालापासून हा पाळणा वर जातो. सुमारे ७५० मीटर लांबीचे आणि सुमारे ४०० मीटर उंचीचे अंतर तो चार-पाच मिनिटांत पार करतो. वयोवृद्ध आणि अपंग यांना, तसेच लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबांना राजधानीचे दर्शन सुलभ झाले, हे या सोयीचे मोठेच श्रेय होय. या मार्गाला आता जवळजवळ तीन दशके झाली आहेत. साहजिकच पाळण्यात पाऊल ठेवताना एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, हा किती जुना आहे?” प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर केवळ वर्षांच्या आकड्याने देता येत नाही. ते कसे द्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

खुर्चीपासून वेगवान पाळण्यापर्यंत

रज्जुमार्गाचा पाया म्हणजे पोलादी तारांचा दोर. जर्मनीतील हार्झ पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने १८३४ साली तारांचा दोर प्रथम उपयोगात आणला. पुढे खनिज, कोळसा व लाकूड डोंगरावरून उतरविण्यासाठी त्याचा प्रसार झाला. माणसांना खुर्चीत बसवून वर नेण्याची कल्पना प्रत्यक्षात आली ती १९३६ साली, अमेरिकेतील सन व्हॅली येथे. बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांसाठी ही सोय होती. ती योजणारे अभियंता जेम्स करन यांनी त्यापूर्वी केळीचे घड जहाजात चढविण्याच्या यंत्रावर काम केले होते. घडाच्या आकड्याच्या जागी त्यांनी खुर्ची टांगली.

या पहिल्या पिढीच्या खुर्च्या दोराला कायमच्या जखडलेल्या असत. बसणाऱ्याला चालत्या खुर्चीतच बसावे लागे. त्यामुळे दोराचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटरच्या पुढे नेता येत नसे. यावर उपाय म्हणून सुटणारी पकड आली. स्थानकात शिरताच खुर्ची दोरापासून मोकळी होते, संथ चालते, माणसे बसली की पुन्हा दोर पकडते आणि सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने निघते. चार आसनांची अशी वेगवान खुर्ची १९८१ साली अमेरिकेतील ब्रेकनरिज येथे प्रथम सुरू झाली. वेग दुप्पट झाला, पण प्रत्येक फेरीत दोर सोडणारी आणि पुन्हा धरणारी पकड हा नवा नाजूक अवयवही यंत्रात आला. पुढील काळात अनेक ठिकाणी सुरक्षिततेचा प्रश्न या पकडीभोवतीच फिरत राहिला.

मार्गाचे वय वेगळे, दोराचे वय वेगळे

जुन्या वाड्याच्या विहिरीवरील रहाट आजोबांच्या काळचा असतो, पण दोर मात्र दर काही वर्षांनी बदललेला असतो. रज्जुमार्गाचेही तसेच आहे. मनोरे आणि त्यांचे पाये अनेक दशके टिकतात. दोर, चाकांवरील रबरी अस्तर, पकडीच्या स्प्रिंगा, गतिरोधकांचे पट्टे आणि विद्युत-नियंत्रणाची सामग्री यांचे आयुष्य मात्र वेगवेगळे असते. म्हणून १९९६ सालचा एखादा मार्ग तीस वर्षांचा असला, तरी त्यावरील कोणता भाग केव्हा बदलला याची नोंद पाहिल्यावाचून तो जुना की नवा हे ठरविता येत नाही.

पोलादी दोर बहुधा एकाएकी तुटत नाही. आधी त्यातील एकेक तार तुटते. बाहेरील तुटलेली तार डोळ्यांना दिसते, आतील दिसत नाही. त्यासाठी दोर चुंबकीय उपकरणातून सरकवून आतील तुटलेल्या तारा आणि झीज यांचा आलेख घेतात. एका वेळच्या आलेखाला फारसा अर्थ नसतो. यंदाचा आलेख मागील तपासणीच्या आलेखाशेजारी ठेवला म्हणजे झीज किती वेगाने वाढते हे कळते. कायमची पकड असलेल्या मार्गांवर पकडींच्या जागा ठराविक काळाने पुढे सरकवाव्या लागतात. तसे न केल्यास दोराच्या त्याच त्याच बिंदूंवर ताण येत राहतो. हे काम केव्हा झाले, तेही नोंदवहीच सांगू शकते.

दोन दुर्घटनांचा धडा

कॅनडातील व्हिसलर येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी सुटणाऱ्या पकडीची एक खुर्ची उतारावर दोरावरून घसरली आणि दुसऱ्या खुर्चीवर आदळली. त्या साखळीत काही खुर्च्या खाली कोसळून दोघांचा मृत्यू झाला. तो मार्ग बसवून पाच वर्षेही झाली नव्हती. म्हणजे नवेपणा ही सुरक्षिततेची हमी नव्हती. त्यानंतर उत्तर अमेरिकेत ज्या ज्या ठिकाणी त्याच निर्मात्याच्या तशाच पकडी होत्या, तेथे त्या बदलाव्या लागल्या किंवा संपूर्ण मार्गच काढावे लागले. कोणत्या मार्गावर कोणत्या बनावटीचा भाग बसविला आहे, याची यादी असल्याचा उपयोग अशा वेळी होतो. एका ठिकाणी आढळलेला दोष दुसऱ्या ठिकाणच्या व्यवस्थापकाला वेळीच कळू शकतो.

इटलीतील मोत्तारोने येथील १९७० सालच्या मार्गाची कथा अधिक विदारक आहे. २३ मे २०२१ रोजी वरच्या स्थानकाजवळ आलेल्या पाळण्याचा ओढदोर, त्याच्या पाळण्याशी असलेल्या जोडाजवळ तुटला. अशा प्रसंगी आपत्कालीन गतिरोधकाने पाळणा जागीच धरून ठेवणे अपेक्षित असते. परंतु वारंवार लागून तो वाहतूक खोळंबवितो म्हणून तो हेतुपुरस्सर निष्क्रिय करून ठेवल्याचे तपासात आढळले. चौदा माणसे मृत्युमुखी पडली. गतिरोधक पुन्हापुन्हा का लागतो, या प्रश्नाचा शोध न घेता खोळंबा तेवढा टाळला गेला.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वारा वाढला, वीज चमकू लागली किंवा यंत्रातील एखाद्या संवेदकाने इशारा दिला म्हणून थांबणारा रज्जुमार्ग अविश्वसनीय नव्हे. तो आपले कर्तव्यच करीत असतो. रांगेत दोन तास उभ्या राहिलेल्या सहलीने ‘केव्हा सुरू करणार?’ असा तगादा लावणे म्हणजे त्या कर्तव्याच्या आड येणे होय.

कोकणच्या हवेचा प्रश्न

पेण आणि रोह्याच्या रहिवाशांना लोखंडाला गंज कसा चढतो हे सांगावयास नको. खाडीकाठच्या घरांचे पत्रे आणि दारांच्या बिजागऱ्या त्याची साक्ष देतात. चार महिने कोसळणारा पाऊस, धुके आणि ओलसर हवा यांमुळे सह्याद्रीच्या कोकणाकडील बाजूस असलेल्या कोणत्याही रज्जुमार्गाला वंगण, रंगकाम आणि जोडांची तपासणी यांची गरज कोरड्या प्रदेशापेक्षा अधिक असते. रोहा येथून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. त्या रुळांवरून भर पावसात गस्त घालणारा कर्मचारी आपल्या परिचयाचा आहे. रज्जुमार्गालाही अशाच गस्तीची आवश्यकता असते. फरक इतकाच की येथील रूळ हवेत लोंबकळत असतात.

शिवाय यंत्र थांबले तर माणसे खाली कशी आणावयाची, याची तयारी हवी. झारखंडमधील त्रिकूट पर्वतावर १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या दिवशी, रज्जुमार्ग बंद पडून अनेक प्रवासी पाळण्यांत अडकले. सुटकेचे काम दोन दिवस चालले, वायुदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली आणि तीन जणांचे प्राण गेले. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व राज्यांना रज्जुमार्गांची सुरक्षा-तपासणी करण्यास कळविले.

आपण काय करू शकतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रज्जुमार्ग हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे त्याची देखरेख ही प्रथमतः राज्याची आणि जिल्हा प्रशासनाची जबाबदारी ठरते. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ कार्यक्रम जाहीर झाल्यापासून डोंगरी भागांत नवे रज्जुमार्ग उभारण्याला चालना मिळाली आहे. नव्याच्या उद्घाटनाबरोबरच जुन्याच्या नोंदीकडेही लक्ष असावे, हे ओघानेच येते.

सहल ठरविताना मुख्याध्यापक बसची कागदपत्रे पाहतात. त्याच सहजतेने रज्जुमार्गाच्या व्यवस्थापनाला चार प्रश्न विचारता येतील : दोर शेवटचा केव्हा बदलला? त्याची चुंबकीय तपासणी केव्हा झाली? सुटकेची रंगीत तालीम गेल्या वर्षात झाली काय? वाऱ्याच्या कोणत्या वेगाला वाहतूक थांबविली जाते? चोख व्यवस्था ठेवणाऱ्याला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही, कारण उत्तरे त्याच्या नोंदवहीत तयार असतात. पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी मार्गालगतची धोकादायक झाडे, दरडी आणि रुग्णवाहिकेचा रस्ता यांवर लक्ष ठेवावे. सुटकेच्या तालमीत गावातील तरुणांचा समावेश व्हावा असा आग्रहही त्यांनी धरावा. शासकीय कार्यालयांकडील तपासणी-अहवाल माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात, याचीही सदस्यांना जाणीव असावी.

पाळण्यात बसताना विद्यार्थ्याने ‘हा किती जुना?’ असे विचारले तर शिक्षकाने त्याला वर्ष अवश्य सांगावे. त्याबरोबरच दोर केव्हा बदलला आणि तो केव्हा तपासला, हेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी सहलीपूर्वी एक पत्र किंवा एक दूरध्वनी पुरेसा आहे.