गहाळ पायऱ्या

६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जेहान दारुवालानं जिंकली. मागे दुसरा युकी त्सुनोदा, तिसरा डॅन टिक्टम. त्याच दिवशी अठराव्या क्रमांकावर येऊनही मिक शूमाकर मालिकेचा विजेता ठरला, त्यामुळे जगाचे कॅमेरे शूमाकरकडे वळले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी मात्र मुंबईच्या या बावीस वर्षांच्या पोराची बातमी केली आणि ती रास्तच होती, कारण २०१७ पासून फॉर्म्युला टू या नावानं चालणाऱ्या मालिकेत त्याआधी एकाही भारतीयानं शर्यत जिंकली नव्हती. आता फॉर्म्युला वन एका हाताच्या अंतरावर, असं तेव्हा अनेकांना वाटलं. ते अंतर काही कापलं गेलं नाही. दारुवाला पुढची तीन वर्षं फॉर्म्युला टूमध्येच राहिला आणि तिथून विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ईमध्ये मासेराती संघात गेला. असं काही झालं की आपल्याकडे दोन निकाल तयार असतात: पोरगा कमी पडला, नाहीतर पैसा कमी पडला. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण त्याची चढण पायरी-पायरीनं पाहिली तर तिसरंच कारण जास्त वजनदार ठरतं. त्याला लागणाऱ्या पहिल्या पायऱ्या त्याच्या देशात नव्हत्या.

आधी ही शिडी कशी आहे ते पाहू. तळाला कार्ट: छत नाही, सस्पेन्शन नाही, नळ्यांची चौकट आणि पाठीशी इंजिन. त्यावर फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू आणि माथ्यावर वन. मधल्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या गाड्या सारख्याच असतात. फॉर्म्युला टूमध्ये चॅसी दलाराची, इंजिन मेकाक्रोमचं, टायर पिरेलीचे. म्हणजे गाडी चांगली म्हणून जिंकला असं म्हणायची फारशी सोय नाही, निदान कागदावर तरी. जागा वर जाताना आटत जातात. २०२० साली फॉर्म्युला थ्रीत तीस गाड्या होत्या, टूमध्ये बावीस आणि वनमध्ये वीस. त्या विसांतल्या बहुतेक जागांवर आधीपासून कोणीतरी बसलेलं असतं आणि दहा-दहा वर्षं उठत नाही. शिवाय २०१६ पासून सुपर लायसन्सचा नियम आहे. सर्वसाधारणपणे वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि आधीच्या तीन मोसमांत मिळून ४० गुण हवेत. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना चाळीसच्या चाळीस मिळतात, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १० आणि सातव्याला जेमतेम ८. तिसरा आणि सातवा यांच्यात ट्रॅकवर काही वेळा सेकंदाच्या दहाव्या भागाचाही फरक नसतो. गुणांच्या वहीत मात्र तो पाचपट होतो. दारुवाला २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला, त्याचे गुण २०. पुढे वरच्या पायरीवर २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षं सातवा आला, त्याचे प्रत्येकी ८. खालच्या इयत्तेतला तिसरा नंबर वरच्या इयत्तेतल्या सातव्याच्या अडीचपट मोलाचा, असं हे गणित आहे.

आता त्याची चढण. २०११ साली विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघानं ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाची शोधमोहीम काढली. तिच्यातून तिघे निवडले गेले: बंगळूरचा अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा जेहान. मग ब्रिटनमध्ये कार्टिंग, २०१५ पासून फॉर्म्युला रेनो, २०१७ च्या सुरुवातीला न्यूझीलंड ग्रां प्रीचा विजय आणि त्याच वर्षी कार्लिन संघाकडून युरोपियन फॉर्म्युला थ्री. तिथे त्याचा सहकारी लँडो नॉरिस. न्यूझीलंड ग्रां प्री नॉरिसनं आदल्याच वर्षी जिंकलेली. दोघांचेही वडील मोठे उद्योजक. दारुवालांचं नाव स्टर्लिंग अँड विल्सनशी जोडलेलं. म्हणजे संघ तोच, गाडी तीच आणि घरच्या पैशाची ऊबही दोघांना. मोसमाअखेर नॉरिस विजेता, दारुवाला एका विजयासह सहावा. २०१९ मध्ये नॉरिस फॉर्म्युला वनमध्ये होता. फरक शोधायचा तर तो आणखी मागे, कार्टमध्ये सापडतो. नॉरिस प्राथमिक शाळेत असल्यापासून कार्ट चालवत होता आणि २०१४ मध्ये जागतिक कार्टिंग विजेता झाला. मॅक्स वेर्स्टापेन तर चार-पाच वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला. आपल्या पोराला हुडकून काढलं तेव्हा त्याच्या वयाच्या इंग्रज मुलांची पाच-पाच वर्षं ट्रॅकवर झालेली होती.

एका जोडीवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. नॉरिस अपवादात्मक हुशार आहे आणि दारुवाला तितका नसेल, असं कोणी म्हटलं तर त्याला खोडून काढता येत नाही. म्हणून दुसरी जोडी घेतो. २०२० मध्ये कार्लिनकडून फॉर्म्युला टूमध्ये त्याच्या शेजारच्या गाडीत युकी त्सुनोदा होता. दोघेही रेड बुलच्या छत्राखाली, दोघेही आशियाई आणि दोघांचंही या मालिकेतलं पहिलंच वर्ष. त्सुनोदा तिसरा आला आणि लगेच फॉर्म्युला वनमध्ये गेला, दारुवाला बारावा. पण त्सुनोदा युरोपात उतरला तो थेट २०१९ मध्ये. त्याआधी सुझुका ट्रॅकवरची शाळा, होंडाचं पाठबळ आणि २०१८ चं जपानी फॉर्म्युला फोरचं विजेतेपद हे सगळं त्यानं घरच्या घरी मिळवलं होतं. भाषा तीच, जेवण तेच आणि चुकायला वाव होता. दारुवाला चुकला की ती चूक युरोपातल्या भाड्याच्या खोलीत, लाखो युरोंच्या मोसमात होत होती. आणि तो नुसताच सामान्य होता म्हणावं, तर २०२२ मध्ये प्रेमा संघात त्याचा सहकारी डेनिस हाउगर हा आदल्या वर्षीचा फॉर्म्युला थ्रीचा विजेता होता. तो दहावा आला, दारुवाला सातवा, आणि मोंझाची मुख्य शर्यतही दारुवालानंच जिंकली. त्या वर्षीचा फॉर्म्युला टूचा विजेता फेलिपे ड्रुगोविच. त्यालाही फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही, राखीव चालकपदावर समाधान मानावं लागलं. तेव्हा माथ्यावर पोहोचला की नाही एवढ्यावरून चढणाऱ्याचं मोल ठरवणं मला पटत नाही.

घरच्या पायरीनं काय होतं याचा पुरावा जपानपर्यंत जाऊन आणायची गरज नाही. तो कोइमतूरला आहे. तिथल्या गिरणीमालक घराण्यातल्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन बसवून एकाच आसनाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी देशातच तयार केली. फॉर्म्युला मारुती हे तिचं नाव. गाडी काही फार वेगवान नव्हती. पण सुटे भाग गल्लीतल्या गॅरेजमध्ये मिळायचे, मोडली तर लेथवर नवा भाग निघायचा आणि सगळ्यांना सारखीच गाडी मिळायची. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय आजवर दोनच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चांधोक. दोघांचीही सिंगल सीटरमधली सुरुवात फॉर्म्युला मारुतीत झाली. कार्तिकेयननं २००५ मध्ये अमेरिकन ग्रां प्रीत चौथा येऊन पाच गुण मिळवले. टायरच्या वादामुळे त्या दिवशी सहाच गाड्या धावल्या हे खरं, पण त्या सहांत तो होता. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले आणि कोइमतूरजवळच्या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं गेलं. कार्तिकेयन आणि चांधोक दोघेही सधन, मोटरशर्यतींच्या घरातले होते, असा आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. पण सधन घरं मुंबई-पुण्यात काय कमी होती? टाटा, बजाज, महिंद्रा सगळे इथलेच. महाराष्ट्रानं गाड्या बनवल्या, शर्यतीचे चालक घडवले तमिळनाडूनं, कारण ट्रॅक आणि स्वस्त गाडी तिकडे होती. आपल्याकडे नाव घेण्याजोगा अपवाद कोल्हापूरचा: मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक, जिथे राष्ट्रीय फेऱ्या झाल्या. त्याच शहरातला कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला, हा मला योगायोग वाटत नाही. उलट ‘गोवा एसेस’ नावाचा संघ इंडियन रेसिंग लीगमध्ये उतरला तेव्हा गोव्यात त्याला पळायला ट्रॅकच नव्हता. नाव गोव्याचं, धावणं परमुलखात.

एक आक्षेप सह्याद्रीच्या घाटांत हमखास ऐकू येईल. उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यातून जाणारा अनमोड घाट किंवा अणशीचा घाट पावसाळ्यात, धुक्यात, समोरून खनिजाचा ट्रक येत असताना जो रोज चढतो-उतरतो, त्याला ट्रॅकचं काय अप्रूप? हिंमत आणि नजर त्याच्याकडे असेलही. पण घाटातलं शहाणपण म्हणजे वळणाआधी वेग कमी कर आणि पकड राख. सिंगल सीटरमध्ये पकड वेगातूनच येते: पुढच्या-मागच्या पंखांवरून वाहणारी हवा गाडीला खाली दाबते, वेग वाढला की दाब वाढतो, आणि भिऊन हळू गेलेला चालक उलट घसरतो. फॉर्म्युला टूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. प्रत्येक वळण दंडांच्या जोरावर काढावं लागतं. ब्रेकवर डाव्या पायानं शंभर किलोच्या आसपास जोर द्यायचा, तोही पहिल्या क्षणी सगळा, आणि गाडी वळणात शिरत असताना तो धाग्याधाग्यानं सोडत न्यायचा. जरा उशीर झाला की चाक जखडतं, टायरला एका जागी सपाट चट्टा पडतो आणि पुढचे सगळे फेरे गाडी थरथरत राहते. साखीरला त्या दिवशी शूमाकरचं हेच झालं होतं. हे शरीरात मुरायला हजारो फेऱ्या लागतात, आणि त्या लहानपणी झाल्या तर मुरतात.

प्रतिभा शोधून काढली की काम झालं, हा समज किती कच्चा आहे, त्याची नोंद उत्तर कन्नडच्या याच जंगलपट्ट्यात आहे. १९८० च्या दशकात मार्गारेट अल्वा केंद्रात क्रीडा खातं सांभाळत असताना भारतीय क्रीडा प्राधिकरणानं विशेष क्षेत्र योजनेखाली या भागातल्या सिद्दी समाजातली मुलं-मुली धावण्यासाठी निवडली, वसतिगृहात ठेवली आणि प्रशिक्षण दिलं. त्यांतली काही राष्ट्रीय पदकांपर्यंत पोहोचली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळली गेली आणि बरीचशी मुलं शेतमजुरीला, रोजंदारीला परतली. धावायला तर नुसते पाय आणि मोकळं मैदान लागतं. तिथेही मधली पायरी काढून घेतल्यावर हे झालं. मग एका मोसमाला वीस ते तीस लाख युरो लागतात असा अंदाज सांगितला जाणाऱ्या खेळात नुसत्या शोधमोहिमेनं काय साधणार? फोर्स इंडियाच्या मोहिमेतले जे पुढे टिकले ते घरच्यांच्या किंवा प्रायोजकांच्या जोरावर, आणि ती मोहीम काढणारा संघच २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला.

सिम्युलेटर आल्यामुळे हा सगळा प्रश्न जुना झाला, असं तरुण वाचक म्हणतील. मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०११ मध्ये व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून निवडला गेलेला यान मार्डेनबरो फॉर्म्युला थ्रीच्या पायरीवरच्या जीपी थ्री मालिकेत खरोखर धावला. तुर्कस्तानचा जेम बोलुकबाशी ई-स्पोर्ट्समधून येऊन २०२२ मध्ये फॉर्म्युला टूमध्ये धावला. ट्रॅकची वळणं, ब्रेकच्या खुणा, पुढच्याला गाठायची जागा हे सगळं पडद्यावर शिकता येतं. पण दोघेही वनपर्यंत गेले नाहीत, आणि वाटेत त्यांना खऱ्या गाडीतल्या फेऱ्यांसाठी कोणाचं तरी पाकीट लागलंच. लुईस हॅमिल्टनचं उदाहरणही नेहमी पुढे येतं: वडील दोन-दोन नोकऱ्या करत, तरी पोरगा विश्वविजेता. खरं आहे. मात्र त्याला तेराव्या वर्षी, १९९८ मध्ये मॅकलारेननं उचललं, आणि तोवर तो पाच वर्षं कार्ट चालवत होता, कारण इंग्लंडात शनिवार-रविवारी वडिलांच्या गाडीतून गाठता येतील असे ट्रॅक होते. गरिबी त्यानं ओलांडली, भूगोल ओलांडावा लागला नाही.

मग हा श्रीमंतांचा खेळ, त्याचं ओझं बाकीच्यांनी का वाहायचं? वाहू नये. सरकारी तिजोरीतून कोणाच्या युरोपवारीचा खर्च होऊ नये असंच मी म्हणेन. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच ग्रां प्री होऊन करांच्या वादात सगळं थंडावलं, तो धडा पुरेसा आहे. जोयड्यात ट्रॅक बांधा असंही नाही. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात इंजिनांचं काय काम? मुद्दा खालच्या दोन पायऱ्यांचा आहे आणि त्या महाग नाहीत. २०२३ पासून भारतात फॉर्म्युला फोरची मालिका चालते, ही चांगली गोष्ट. पण तिच्या खाली आठ-दहा वर्षांच्या मुलाला महिन्यातून दोनदा कार्टमध्ये बसता येईल अशा जागा तुरळक आहेत. कोइमतूरला जे होतं ते म्हणजे ओतकाम, लेथ, हातात कसब असलेले मिस्त्री आणि त्यांच्यावर पैसा लावायला तयार असलेला एक गिरणीवाला. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावात आणि बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा आहेत, मिस्त्री आहेत, मोठ्या कंपन्यांसाठी गाड्यांचे सुटे भाग तिथूनच जातात. जोयडा-हल्याळचा पोरगा नोकरीसाठी बेळगावला जातोच. तिथे कार्टचा ट्रॅक असेल तर तो चालक होईल की नाही सांगता येत नाही. चॅसी जोडणारा, टायरचा दाब बघणारा, डेटा वाचणारा होण्याची शक्यता जास्त, आणि शर्यतीच्या एका गाडीमागे अशी माणसं चालकापेक्षा कितीतरी जास्त लागतात.