'पुनर्मूषको भव'च्या गोष्टीला अमेरिकेत पदक मिळालं होतं! मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांना पुरस्कार कधीपासून मिळायला लागले?

एका ऋषींना उंदराचं पिल्लू सापडतं. त्याला मांजराची भीती वाटते म्हणून ऋषी त्याचं मांजर करतात. मांजराला कुत्र्याची भीती, म्हणून कुत्रा करतात. शेवटी वाघ करतात. वाघ झाल्यावर हे महाशय थेट ऋषींनाच खायला निघतात आणि ऋषी त्यांना परत उंदीर करून टाकतात. हितोपदेशातली ही गोष्ट आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की, 'पुनर्मूषको भव' हे शब्द राजकारणावरच्या लेखातही सहज येऊन जातात.

१९६२ साली याच गोष्टीच्या पुस्तकाला अमेरिकेत पदक मिळालं. पण ते गोष्टीसाठी नव्हतं, चित्रांसाठी होतं. मार्शिया ब्राउन या चित्रकर्तीने लाकडावर कोरीव काम करून, त्याचे ठसे उमटवून 'वन्स अ माउस' नावाचं पुस्तक तयार केलं होतं. त्या चित्रांसाठी तिला कॅल्डेकॉट पदक देण्यात आलं. मुलांच्या चित्रपुस्तकांच्या जगात या पदकाला फार मोठा मान आहे.

आता प्रश्न असा पडेल की, नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात बसून अमेरिकेतल्या या पदकाचं करायचं काय? तर संबंध आहे, आणि तो बऱ्यापैकी जवळचा आहे. पण त्याआधी या पुरस्कारांची गोष्ट.

आधी लेखक, मग चित्रकार

फ्रेडरिक मेल्चर हे अमेरिकेतल्या प्रकाशन व्यवसायातलं मोठं नाव. मुलांच्या उत्तम पुस्तकाला दरवर्षी पदक द्यावं, असं त्यांनी तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेला सुचवलं आणि १९२२ पासून न्यूबेरी पदक सुरू झालं. ते लेखकासाठी होतं. चित्र काढणाऱ्याला काय, हा प्रश्न सुटायला आणखी दीड दशक गेलं. १९३७ मध्ये मेल्चर यांनीच चित्रकारासाठी वेगळं पदक सुचवलं आणि १९३८ साली पहिलं कॅल्डेकॉट पदक डोरोथी लॅथ्रॉप यांना मिळालं. पुस्तक होतं बायबलमधल्या प्राण्यांवरचं.

गंमत म्हणजे पदक अमेरिकेचं, पण नाव इंग्लंडच्या माणसाचं. रँडॉल्फ कॅल्डेकॉट हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज चित्रकार. शब्दांनी सांगितलेलंच पुन्हा चित्रात दाखवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. गोष्टीचा काही भाग शब्दांनी सांगायचा आणि उरलेला चित्राने, अशी त्यांची पद्धत. पदकावर त्यांचंच एक चित्र कोरलेलं आहे: उधळलेला घोडा, त्याला कसाबसा चिकटलेला जॉन गिल्पिन नावाचा माणूस आणि आजूबाजूला गोंधळलेली बदकं-कुत्री. सारंगखेड्याचा घोडेबाजार ज्या जिल्ह्यात भरतो, तिथे हे पदक शोभून दिसलं असतं.

तर लेखकांना पदक मिळाल्यावर चित्रकारांना १६ वर्षं थांबावं लागलं. हे फक्त अमेरिकेत झालं असं नाही. इंग्लंडमध्ये लेखकांसाठीचं कार्नेगी पदक १९३६ सालच्या पुस्तकांपासून सुरू झालं. चित्रकारांसाठीचं केट ग्रीनअवे पदक आलं १९५५ मध्ये, म्हणजे १९ वर्षांनी. त्यातही पहिल्या वर्षी परीक्षकांना एकही पुस्तक पदकाच्या लायकीचं वाटलं नाही आणि ते कुणालाच दिलं गेलं नाही! दुसऱ्या वर्षी एडवर्ड आर्डिझोन यांना मिळालं.

जागतिक पातळीवर हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराची कहाणी तीच. लेखकांसाठी १९५६ पासून, चित्रकारांसाठी १९६६ पासून. स्वित्झर्लंडचे आलोइस कारिजिये हे पहिले मानकरी. २०२४ पर्यंतच्या मानकऱ्यांच्या यादीत एकही भारतीय नाव नाही, ना लेखकांत ना चित्रकारांत.

थोडक्यात, पुस्तक लहान मुलांचं, ते हातात घेतल्यावर मूल आधी बघतं चित्र, पण कौतुक आधी शब्दांचं. चित्रकाराकडे 'सजावट करणारा' म्हणून बघायची सवय सगळ्या जगाला होती.

भारतात काय झालं?

भारतीय चित्रकारांचं कौतुक आधी बाहेरच्या देशांत झालं. १९६७ साली स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा शहरात मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांचं द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालं. त्याच वर्षी तिथे पुलक बिस्वास यांना पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये जगदीश जोशी यांना जपानच्या नोमा स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ही दोन्ही नावं आज कितीजणांना आठवतील, हा प्रश्नच आहे.

मराठीत चांगल्या चित्रांची कमतरता कधीच नव्हती. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांची मुखपृष्ठं लोकांनी कापून भिंतीवर लावली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि रंगीत चित्रांचा मुलांसाठीचा एवढा मोठा साठा खेड्यापाड्यांत क्वचितच दुसऱ्या कुणी पोहोचवला असेल. पण साहित्य अकादमीने २०१० मध्ये बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, तोही लेखकांसाठीच.

मग आलं २०१६. टाटा ट्रस्टच्या 'पराग' या बालसाहित्याच्या उपक्रमाने 'बिग लिटल बुक अवॉर्ड' सुरू केला आणि पहिल्याच वर्षापासून त्याचे दोन भाग ठेवले. एक लेखकासाठी, त्यात दरवेळी एक भारतीय भाषा निवडायची. दुसरा चित्रकारासाठी, त्याला भाषेची अट नाही. इथे एका पुस्तकापेक्षा आजवरच्या सगळ्या कामाचा विचार होतो.

पहिल्या वर्षी निवडलेली भाषा होती मराठी. लेखनाचा पुरस्कार मिळाला माधुरी पुरंदरे यांना आणि चित्रांचा अतनू रॉय यांना.

यातली गंमत अशी की, लेखिका म्हणून ज्यांचा सन्मान झाला त्या स्वतः चित्रकार आहेत. माधुरी पुरंदरे यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये चित्रकलेचं शिक्षण घेतलं. पिकासोचं चरित्र लिहिलं, फ्रेंचमधून मराठीत भाषांतरं केली. 'राधाचं घर', 'यश' ही त्यांची पुस्तकं बघितली तर लक्षात येतं की, त्यात शब्द एक काम करतात आणि चित्र दुसरंच. मजकूर एवढंच सांगतो की, आजी काहीतरी करते आहे. आजी कुठे बसली आहे, तिच्या मागे भिंतीवर काय आहे, घरात कोण कुठल्या मूडमध्ये आहे, हे सगळं चित्रातून कळतं. असं काम दोन खणांत वाटता येत नाही. पण पुरस्काराला खण लागतातच, त्याला इलाज नाही.

पुढच्या वर्षांत हा पुरस्कार बंगाली, कन्नड अशा भाषांकडे गेला. चित्रकारांच्या यादीत प्रिया कुरियन, दीपा बळसावर अशी नावं आली.

परीक्षक नक्की बघतात काय?

'चित्रं छान आहेत' एवढ्यावर हे पुरस्कार मिळत नाहीत. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यात फरक केला जातो. सचित्र पुस्तकातली चित्रं काढून टाकली तरी गोष्ट समजते. चित्रपुस्तकातली चित्रं काढली तर गोष्ट लंगडी पडते. पान उलटण्याआधी काय दाखवायचं, उलटल्यावर काय, कुठे जागा मोकळी सोडायची, हे सगळं चित्रकार ठरवतो. सिनेमात दिग्दर्शक आणि कॅमेरामन मिळून करतात तसं काहीसं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २०१० चं कॅल्डेकॉट. जेरी पिंकनी यांनी सिंह आणि उंदराची गोष्ट सांगितली, तीही जवळजवळ एकही शब्द न लिहिता. पानांवर फक्त प्राण्यांचे आवाज आहेत. हे पुस्तक जगातल्या कुठल्याही भाषेतलं मूल वाचू शकतं.

आणि इथे कळसाडीचा संबंध येतो.

चित्रात कोण दिसतं?

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घराघरांत भिली, पावरी, मावची बोलली जाते, कुठे अहिराणी, कुठे गुजरी. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत. पहिलीत आलेल्या मुलासाठी अक्षर नवं असतं आणि बऱ्याचदा शब्दही नवा. ओळखीचं काही असेल तर ते चित्र. पण त्या चित्रात लिफ्ट असलेली इमारत आणि सोफ्यावर पेपर वाचणारे बाबा असतील, तर तोही आधार जातो. शहरातल्या मुलाला चित्र शब्द समजायला मदत करतं. इथल्या मुलाला आधी चित्रच समजून घ्यावं लागतं.

हा प्रश्न अमेरिकेतही होता. कॅल्डेकॉट सुरू होऊन २५ वर्षं झाल्यावर, १९६३ मध्ये, एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'द स्नोई डे'ला पदक मिळालं. बर्फात खेळणारा एक लहान मुलगा एवढाच विषय, पण तो मुलगा कृष्णवर्णीय होता आणि त्या काळी ही मोठी गोष्ट होती. कीट्स स्वतः मात्र गोरे. कृष्णवर्णीय चित्रकाराच्या हातात हे पदक यायला १९७६ उजाडलं. लिओ डिलन यांना ते पत्नी डायान यांच्यासोबत मिळालं. आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवासी समाजाच्या चित्रकाराला ते मिळालं २०२१ मध्ये, सुरुवात झाल्यापासून तब्बल ८३ वर्षांनी. टिंगिट समाजाच्या मिकेला गोएड यांनी 'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स' या पुस्तकाची चित्रं काढली होती. विषय होता तेलाच्या पाइपलाइनपासून आपलं पाणी वाचवणारी माणसं.

नंदुरबारच्या वाचकाला हा विषय समजावून सांगायची गरज नाही. सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका बसलेली महाराष्ट्रातली ३३ गावं याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली.

आपल्याकडे आदिवासी चित्रकारांच्या पुस्तकांना मान मिळालाच नाही, असं नाही. चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेल्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' या पुस्तकाला २००८ मध्ये इटलीतल्या बोलोन्याचा पुरस्कार मिळाला. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांनी त्यात रात्रीची झाडं काढली आहेत. काळ्या हातकागदावर, एकेक रंग हाताने छापून. याच प्रकाशनाने वारली चित्रकारांना घेऊन 'डू!' नावाचं क्रियापदांचं पुस्तक केलं, ज्यात माणसं दळतात, नाचतात, मासे पकडतात. चित्र बघायचं आणि आपल्या भाषेतला शब्द म्हणायचा.

भिलांची चित्रकलाही काही कमी नाही. झाबुआजवळच्या पिटोल गावच्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. तिथे जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग देऊन चित्रं काढायला सांगितलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ठिपक्याठिपक्यांनी भरलेली त्यांची झाडं, मोर, घोडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लगेच पटेल की, चित्रपुस्तकासाठी यापेक्षा मोठा खजिना शोधायला फार लांब जायला नको. सातपुडा ओलांडला, नर्मदा ओलांडली की झालं.

गोंड आणि वारली चित्रं मुलांच्या पुस्तकात आली, कारण प्रकाशक त्या चित्रकारांपर्यंत गेले, त्यांच्यासोबत बसून पुस्तक घडवलं आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव छापलं. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं. पदक नंतर आलं.

बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडलं तर सुरुवातीच्या एका पानावर बारीक अक्षरांत नावांची यादी असते. समिती सदस्य, संयोजक, निर्मिती, अक्षरजुळणी, कागद. त्यातच एका ओळीत चित्रकाराचं नाव असतं. कळसाडीच्या शाळेतलं पुस्तक उघडलं तरी ते तिथेच सापडेल.