कुत्रीच्या सडाची सूज : स्तनदाह की कर्करोग?

शेताची व कळपाची राखण करणारी कुत्री सात-आठ वर्षांची झाली, की तिच्या सडांजवळ कधीकधी गाठ येते. बहुतेक पशुपालक ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करतात. माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी नेहमी आढळतात आणि त्यांतील बऱ्याच कर्करोगाच्या असतात. कुत्रीला साधारणपणे सडांच्या पाच जोड्या असतात. मागील दोन जोड्यांत गाठी अधिक होतात.

काही गाठी मात्र फसव्या असतात. दाहक कर्करोगात वेगळी गाठ हाताला लागत नाही. सडाभोवतीची कातडी लाल, गरम, जाड व दुखरी होते. मागील पायावरही सूज येते. त्यामुळे गायी-म्हशींच्या दगडीसारखा स्तनदाह झाला असे वाटते. परंतु स्तनदाह बहुधा कुत्री व्याल्यावर, पिल्ले पीत असताना किंवा खोट्या गाभणपणात होतो. पिल्ले नसताना सूज आली व प्रतिजैविकाने उतरली नाही, तर कर्करोगाची शंका घ्यावी. हा रोग कातडीतील लसवाहिन्यांत पसरलेला असतो, म्हणून त्यात सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. वेदना कमी करण्यावर भर देतात.

याउलट मिश्र गाठीत कूर्चा किंवा हाड तयार होते. ती दगडासारखी लागते, तरी अनेकदा साधी असते. म्हणजेच नुसत्या हाताने निदान होत नाही.

निदानासाठी काय करावे?

१. दर महिन्याला कुत्रीला उताणी निजवून प्रत्येक सड चाचपावा. गाठीचा आकार व तारीख लिहून ठेवावी.

२. पशुवैद्यक सुईने पेशी काढून तपासतात. जांघेतील व काखेतील लसग्रंथी पाहतात आणि फुप्फुसांत रोग पसरला आहे का, हे क्ष-किरणाने पाहतात.

३. काढलेली गाठ फेकू नये. गाठीच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवून ती प्रयोगशाळेत पाठवावी. एकाच कुत्रीच्या दोन गाठी वेगळ्या प्रकारच्या असू शकतात, म्हणून प्रत्येक गाठ वेगळ्या बाटलीत ठेवावी.

गाठ शेकू नये, दाबू नये, दोऱ्याने बांधू नये. पैदास करायची नसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लहान वयातच कुत्रीचे बीजांडकोष काढून घ्यावेत. त्यामुळे या रोगाचा धोका कमी होतो. माज थांबविणारी संप्रेरकांची इंजेक्शने मात्र हा धोका वाढवितात. लहान असतानाच काढलेली गाठ कुत्रीला अनेक वर्षांचे आयुष्य देऊ शकते.