प्रतिनिधीचें मत : शेतकऱ्यानें तें कसें वाचावें ?

पुणें येथील गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत कांद्याचा अगर बटाट्याचा ट्रक खालीं झाला, लिलाव उरकला, आणि आडत्याच्या गाळ्यावरून हिशेबाची पट्टी हातीं आली, म्हणजे आपला शेतकरी बंधु ती घडी करून खिशांत घालण्यापूर्वीं एकवार वाचून पाहतो. वजन किती धरलें, भाव काय लागला, हमाली किती व तोलाई किती, हें तो एकेक रकान्यावर बोट ठेवून पाहतो. आणि एखादा आंकडा चुकलेला दिसल्यास तेथेंच विचारतो. ही संवय चांगली आहे. परंतु ज्या कायद्यांनीं हा बाजार चालतो, ते कायदे करणाऱ्या सभेंत आपल्या प्रतिनिधीनें कोणत्या बाजूस मत दिलें, ही दुसरी पट्टी मात्र फारच थोडे लोक मागून घेतात. निवडणुकीच्या वेळीं भाषणें ऐकावयाचीं आणि पुढें पांच-सहा वर्षें त्या गृहस्थांनीं काय केलें याची चौकशी करावयाची नाहीं, असा आपला सर्वसाधारण परिपाठ आहे. म्हणून प्रतिनिधीच्या मताची नोंद कशी होते व ती वाचतांना कोणती सावधगिरी ठेवावी, हें प्रस्तुत लेखांत एका उदाहरणानें सांगण्याचें योजिलें आहे. उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत शेती केलेल्या गृहस्थांचें घेतलें आहे. ते म्हणजे कै. शरद जोशी.

कारकीर्द

जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजीं सातारा येथें झाला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत वाणिज्य शाखेचें उच्च शिक्षण घेऊन १९५८ सालीं ते भारत सरकारच्या टपाल खात्यांत अधिकारी झाले, व १९६८ पासून स्वित्झर्लंडमधील बर्न शहरीं जागतिक टपाल संघाच्या कचेरींत त्यांनीं कित्येक वर्षें काम केलें. ही सुखाची नोकरी सोडून १९७६-७७ च्या सुमारास ते स्वदेशीं परतले, आणि खेड तालुक्यांत चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू जमीन घेऊन शेती करूं लागले. कष्ट व पैसा दोन्ही घालूनहि शेतकऱ्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं, याचें कारण त्याचें अज्ञान अगर आळस नसून, त्याच्या मालास उत्पादनखर्चाइतकाहि भाव मिळूं दिला जात नाहीं हें होय, असा निष्कर्ष त्यांनीं स्वतःच्या हिशेबवहीवरून काढला. १९७९ सालीं शेतकरी संघटना स्थापन झाली. चाकणच्या बाजारांतील कांद्याचा प्रश्न, आणि १९८० सालचें नाशिक जिल्ह्यांतील ऊंस व कांदा यांच्या भावाचें आंदोलन, यांमुळें तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. १९९० सालीं विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारनें त्यांस शेतीविषयक सल्लागार समितीचें अध्यक्षपद दिलें. १९९४ सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष काढला. जुलै २००४ पासून जुलै २०१० पर्यंत ते महाराष्ट्रांतून राज्यसभेचे सभासद होते. १२ डिसेंबर २०१५ रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. राज्यसभेचा सभासद आपल्या थेट मतांनीं निवडला जात नाहीं. राज्याच्या विधानसभेचे आमदार त्यास निवडतात. जोशी हे शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या पाठिंब्यानें निवडून आले. परंतु सभागृहांत ते स्वतःच्या पक्षाचे म्हणून बसले, आणि त्या पक्षाचे ते एकटेच सभासद होते. या गोष्टीस कायद्याच्या दृष्टीनें मोठें महत्त्व आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनें पक्षांतरबंदीचा नियम आला. तेव्हांपासून पक्षानें आदेश काढला असतां त्याविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊं शकते. म्हणून पुष्कळ सभासदांचें मत हें वस्तुतः त्यांच्या पक्षाचें मत असतें. जोशी यांच्यावर असा आदेश काढणारा कोणी नव्हता. त्यांच्या मताचें श्रेय अगर दोष त्यांच्या एकट्याच्याच पदरीं घालतां येतो.

या सभागृहांत त्यांनीं २००५ सालीं एक खाजगी विधेयक मांडलें. निवडणूक आयोगाकडे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षानें समाजवादाशीं निष्ठा जाहीर केली पाहिजे, अशी अट लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १९८९ पासून आहे. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या पक्षानें खोटी शपथ कां घ्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. विधेयक मंजूर झालें नाहीं. मंत्री नसलेल्या सभासदांचीं अवघीं १४ विधेयकें स्वातंत्र्यानंतर कायदा होऊं शकलीं व त्यांतील शेवटचें १९७० सालचें, हें लक्षांत घेतां यांत नवल नाहीं. तथापि प्रतिनिधीची नोंद पाहतांना त्यानें मागितलें काय, हेंहि पहावें लागतें. केवळ मिळालें काय एवढेंच पाहून चालत नाहीं.

एकशें शहाऐंशी विरुद्ध एक

त्यांच्या मतदानांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग ९ मार्च २०१० चा होय. लोकसभेंत व विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवणारें १०८ वें घटनादुरुस्ति-विधेयक त्या दिवशीं राज्यसभेपुढें मतास आलें. त्यापूर्वीं गोंधळ माजून सात सभासद निलंबित झाले होते, व कांहीं सभासद मतदानाच्या वेळीं सभा सोडून गेले होते. घटनादुरुस्तीस एकूण सभासदसंख्येचें बहुमत आणि उपस्थित राहून मत देणारांचें दोन-तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून अशा वेळीं मतें मोजावींच लागतात. अनुकूल मतें १८६ पडलीं. प्रतिकूल मत एक पडलें, व तें शरद जोशी यांचें होतें. ज्यांच्या पाठिंब्यानें ते निवडून आले होते, त्या भारतीय जनता पक्षाचीं मतें विधेयकाच्या बाजूस होतीं.

नुसती ही ओळ वाचणारास वाटेल कीं, हे गृहस्थ स्त्रियांच्या हिताचे वैरी असावेत. परंतु मागील पानें उलटून पाहिलीं, तर निराळेंच चित्र दिसतें. नोव्हेंबर १९८६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें विराट अधिवेशन त्यांच्याच संघटनेनें भरविलें. पुढें लक्ष्मीमुक्ति या नांवानें चळवळ काढून, शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग स्वखुषीनें पत्नीच्या नांवें करून द्यावा असा प्रचार तिनें गांवोगांव केला. सात-बाऱ्यावर बायकोचें नांव चढविणें ही आपल्या घराघरांत किती अवघड गोष्ट आहे, हें वाचकांस सांगावयास नको.

मग त्यांनीं विरोध कां केला ? त्यांचा आक्षेप राखीव जागांच्या हेतूस नसून त्यांच्या रीतीस होता. विधेयकांत राखीव मतदारसंघ आळीपाळीनें बदलावयाचे होते. आज जो मतदारसंघ स्त्रियांसाठीं राखीव, तो पुढील खेपेस खुला होणार, व दुसरा राखीव होणार. अशा स्थितींत निवडून आलेल्या बाईंस त्याच मतदारसंघांत पुन्हां उभें राहण्याची शाश्वति नाहीं, व पुरुष सभासदासहि आपला मतदारसंघ हातीं राहील असा भरंवसा नाहीं. मग मतदारसंघाची मशागत कोण करील, असें त्यांचें म्हणणें होतें. एका हंगामापुरती खंडानें मिळालेली जमीन कोणी बांधबंदिस्ती करून सुधारीत नाहीं, हा अनुभव ज्यास आहे त्यास या आक्षेपाचें मर्म सहज कळेल.

तथापि दुसरी बाजूहि तितकीच विचारार्ह आहे. पक्ष आपण होऊन स्त्रियांस उमेदवारी देत नाहींत. म्हणून वाट पाहण्यांत पिढ्या जातील, असें विधेयकाच्या कैवाऱ्यांचें म्हणणें होतें. १९९३ पासून ग्रामपंचायतींत राखीव जागा आल्या, व त्याहि आळीपाळीनें बदलतात. तरी त्यांतून कर्तृत्ववान् स्त्रिया पुढें आल्या, हें आपण आपल्या गांवांतहि पाहिलें आहे. रीतींत दोष आहे एवढ्यावरून संपूर्ण विधेयकासच नकार द्यावा काय, यावर शहाण्या माणसांत मतभेद राहणारच. प्रस्तुत लेखकास तो नकार पटत नाहीं. परंतु तो उघड व सकारण दिलेला असल्यामुळें त्यावर वाद तरी घालतां येतो.

पुढें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. हें विधेयक लोकसभेंत मतास न येतां २०१४ सालीं रद्द झालें. सप्टेंबर २०२३ मध्यें नवें विधेयक आलें. तें लोकसभेंत ४५४ विरुद्ध २ मतांनीं व राज्यसभेंत २१४ विरुद्ध शून्य मतांनीं मंजूर होऊन १०६ वी घटनादुरुस्ति झाली. त्यांत राखीव जागांची पाळी प्रत्येक निवडणुकीस न बदलतां मतदारसंघांच्या प्रत्येक फेररचनेनंतर बदलावी, असें ठरविलें आहे. आळीपाळीविषयींचा आक्षेप यानें सर्वस्वीं मिटला नसला, तरी त्याची धार कमी झाली.

ज्या मताची नोंदच नाहीं

आतां आपल्या बाजाराशीं निकट संबंध असलेल्या प्रसंगाकडे वळूं. २०२० सालीं केंद्र सरकारनें शेतीविषयक तीन कायदे केले. त्यांपैकीं एकानें बाजार समितीच्या आवाराबाहेर शेतमालाच्या खरेदी-विक्रीस मोकळीक दिली, व तेथील व्यवहारावर राज्याचा बाजार-सेस बसूं नये अशी तजवीज केली. मार्केट यार्डाच्या भिंतीच्या आंत एक नियम व बाहेर दुसरा, असा त्याचा परिणाम होता. शेतकरी संघटनेनें या मोकळिकीचें स्वागत केलें. उत्तरेकडील शेतकऱ्यांनीं त्याविरुद्ध दिल्लीच्या वेशींवर वर्षभर ठिय्या दिला. कोण बरोबर, हा वाद येथें सोडवावयाचा नाहीं.

आपला मुद्दा निराळा आहे. २० सप्टेंबर २०२० रोजीं हें विधेयक राज्यसभेंत आवाजी मतानें मंजूर झालें. आवाजी मत म्हणजे अनुकूल असतील त्यांनीं एकदम ‘होय’ व प्रतिकूल असतील त्यांनीं ‘नाहीं’ असें म्हणावयाचें, आणि अध्यक्षस्थानीं असलेल्या गृहस्थांनीं कानांनीं अंदाज करावयाचा. मतें मोजावीं अशी मागणी विरोधी सभासदांनीं केली होती. मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते, असें दुसऱ्या बाजूचें म्हणणें पडलें. दुसऱ्या दिवशीं आठ सभासद निलंबित झाले. जानेवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कायद्यांस स्थगिति दिली, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं दोन्हीं सभागृहांनीं ते चर्चेवांचून, पुन्हां आवाजी मतानेंच, रद्द केले. म्हणजे कायदा आला तेव्हां राज्यसभेंतील अमुक सभासद कोणत्या बाजूस होता, व गेला तेव्हां कोणत्या बाजूस होता, हें मतमोजणीच्या कागदावरून कोणासहि दाखवितां येत नाहीं.

त्याच महिन्यांत युरोपांत काय घडलें तें पहा. युरोपीय संघाची कायदे करणारी सभा स्ट्रासबर्ग येथें भरते; तींत सत्तावीस देशांचे प्रतिनिधि बसतात, व सर्वांत मोठा गट जर्मनीचा, ९६ सभासदांचा आहे. तेथें कायद्यावरील अंतिम मत नांवनिशीवार नोंदवून प्रसिद्ध करण्याचा नियम आहे. २३ नोव्हेंबर २०२१ रोजीं शेतीच्या अनुदानांविषयींचा मुख्य कायदा तेथें मतास आला. ४५२ अनुकूल, १७८ प्रतिकूल व ५७ तटस्थ अशीं मतें पडलीं. बव्हेरियांतील दूध उत्पादकास आपल्या प्रतिनिधीचें नांव या तीन याद्यांपैकीं कोणत्या यादींत आहे, हें तेव्हांच पाहतां येतें. आपल्या नियमांतहि सभासदानें आग्रह धरल्यास मतें मोजण्याची सोय आहे. परंतु ती वापरली गेली तरच तिचा उपयोग.

वाचकांस सूचना

वरील हकीकतीवरून कांहीं व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, प्रतिनिधि मतें मागावयास आला असतां त्याला ‘शेतकऱ्यांसाठीं काय करणार’ असें न विचारतां, अमुक विधेयकावर आपण कोणत्या बाजूस मत दिलें व कां दिलें, असें नेमकें विचारावें. दुसरी, मत पक्षाच्या आदेशानें दिलें कीं स्वतःच्या बुद्धीनें, हेंहि विचारावें. आदेशानें दिलें असल्यास जाब पक्षास विचारावा. तिसरी, गैरहजर राहणें, तटस्थ राहणें, सभात्याग करणें व विरुद्ध मत देणें या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एका मापानें मोजूं नयेत. चौथी, एका मतावरून माणसाची पारख करूं नये. त्याचें भाषण, त्यानें मांडलेलीं विधेयकें व सभागृहाबाहेरील काम हीं सोबत ठेवून पहावें. पांचवी, आणि आमच्या मतें सर्वांत अगत्याची, शेतीसंबंधीं कोणतेंहि विधेयक येणार असें कळतांच शेतकऱ्यांच्या संस्थांनीं आपल्या भागांतील सभासदांस पत्र लिहून, त्यावर मतें मोजून घेण्याचा आग्रह धरावा असें कळवावें. बाजूनें मत द्या अगर विरुद्ध द्या. परंतु नांवानें द्या, इतकें मागण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

शरद जोशी यांच्या त्या एका मतानें २०१० सालीं कांहींच अडलें नाहीं. १८७ मतांत दोन-तृतीयांशासाठीं १२५ पुरेशीं होतीं. तरीहि इतक्या वर्षांनीं आपण त्या मताचीं कारणें तपासतों, त्यास दोष देतों अगर त्याची बाजू घेतों, कारण तें कागदावर आहे. आपल्या मालाच्या बाजाराविषयींच्या मतदानाची अशी तपासणी आपल्या मुलांस करतां यावी, एवढ्यासाठीं पुढील वेळीं ही पट्टी आपण आठवणीनें मागून घेतली पाहिजे.