नगरसेवक आणि नाक्यावरचा दुकानदार

महापालिकेची निवडणूक आली की उमेदवार दुकानाची पायरी चढतो. वाण्याच्या गल्ल्यापाशी उभे राहून चहा घेतो, गिरणीवाल्याची विचारपूस करतो, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनींना नमस्कार करतो आणि ‘छोट्या व्यावसायिकांच्या पाठीशी आम्ही आहोत’ असे सांगून पुढे जातो. संध्याकाळी तोच उमेदवार स्टेशनबाहेर पथारी मांडून बसलेल्या भाजीवाल्यांनाही हाच शब्द देतो. अडचण अशी, की गाळेवाला आणि पथारीवाला यांची पुष्कळदा एकमेकांविरुद्धच तक्रार असते. मग नगरसेवक दोघांच्या पाठीशी उभा राहणार म्हणजे नेमका कुठे?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत या प्रश्नाला जास्त धार आहे, कारण ही चाकरमान्यांची शहरे आहेत. संध्याकाळची लोकल सुटली की माणूस स्टेशनपासून रिक्षाच्या रांगेपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांतच घरची खरेदी उरकतो. निवडलेली मेथी, सोललेले मटार, चिरलेली फरसबी ही या घाईचीच अपत्ये. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली तीही यामुळेच. घरातल्या ओट्यावर सुरू झालेल्या या उद्योगाने कित्येक संसार सावरले. साऱ्या धंद्याचे गणित गिऱ्हाइकाच्या पायाखालच्या वाटेवर बसलेले आहे. त्या वाटेवरच्या दुकानदाराने अनामत भरलेली असते, भाडे आणि व्यापारी दराने मालमत्ता कर त्याच्या डोक्यावर असतो, आणि त्याच्याच पायरीसमोर हातगाडी लागली की तो चिडतो. गाडीवाल्याला हक्काचा कागद नसतो, म्हणून अतिक्रमण विभागाची गाडी दिसली की गाठोडे उचलून पळायचे, हा त्याचा रोजचा व्यायाम. या दोघांच्या मधून वाट काढत चालणारे आपण!

हा ताण कुठवर जातो ते आपण पाहिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी ठाणे, कल्याण, डोंबिवली भागांतील स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांना स्वतःच हुसकावले. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या परिसरात कारवाई करणाऱ्या महिला सहायक आयुक्तांवर एका विक्रेत्याने शस्त्राने हल्ला केला. त्यांची बोटे तुटली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितले. २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. त्यानुसार दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे, आणि पहिले सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला उठवता येत नाही. जागा द्यायची ती लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत. दुसरीकडे, १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, हे बंधन कायम ठेवले. म्हणजे विक्रेत्याला हक्क आहे, पण गिऱ्हाईक जिथे आहे नेमकी तीच जागा वर्ज्य.

हे कोडे सोडवण्यासाठी कायद्याने नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. अध्यक्ष आयुक्त; किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले, त्यांत एक-तृतीयांश महिला; शिवाय वाहतूक पोलीस, व्यापारी संघटना, रहिवासी संघ यांचे प्रतिनिधी. दुकानदार आणि फेरीवाला एका टेबलाशी बसतील अशी एवढी नेमकी सोय दुसरी नाही. पण समितीचे नाव प्रचारात किती जणांच्या तोंडून ऐकू येते?

नगरसेवकाला सर्व काही करता येत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. कारवाईचा अधिकार आयुक्तांचा. करमाफीचे आश्वासन तर आता फारसे उरलेलेच नाही: जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना उठला, आणि २०१७ पासून जीएसटी आहे. कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती माहिती देणे पुरते, तेही राज्याच्या २०१७ च्या कायद्यामुळे.

नगरसेवकाच्या हातात राहतात ते महासभेतले प्रश्न, अंदाजपत्रकावरची चर्चा आणि प्रभाग समितीची बैठक. ही आयुधे लहान नाहीत. आपल्या प्रभागाचे सर्वेक्षण कधी झाले, समितीच्या बैठका किती झाल्या, हे प्रशासनाला सभागृहात विचारता येते. कागदाचे मोल केवढे असते ते २०२० मध्ये कळले. करोनाच्या काळात केंद्राने फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना आणली, तेव्हा ज्याच्याकडे प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नव्हते त्याला पालिकेच्या शिफारसपत्रासाठी खेटे घालावे लागले.

मधली काही वर्षे हे विचारायलाही कोणी नव्हते. कल्याण-डोंबिवलीत २०१५ नंतर आणि ठाण्यात २०१७ नंतर निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपल्यावर दोन्हीकडे प्रशासक होते. नवे नगरसेवक एका प्रभागात बहुधा चार आहेत. तेव्हा दुकानदाराने तक्रार घेऊन कोणत्या दारी जायचे, हे चौघांनी आधी ठरवलेले बरे.

सर्वांत मोठे काम मंडईचे. सार्वजनिक बाजार बांधणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि विकास आराखड्यात त्यासाठी भूखंड राखून ठेवता येतात. परंतु मंडई रोजच्या वाटेपासून दोन वळणे आत असली किंवा ओटे पहिल्या मजल्यावर असले, तर पिशवी घेतलेला दमलेला माणूस तिकडे वळत नाही, आणि भाजीवाला पुन्हा रस्त्यावर येऊन बसतो. संध्याकाळी कोणत्या जिन्याने गर्दी उतरते, रिक्षाची रांग कुठे वळते, दीडशे मीटरची रेघ संपल्यावरही माणसे कोणत्या गल्लीतून जातात, हे त्याच भागात वाढलेल्या नगरसेवकाला तोंडपाठ असते. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला ते कळायला वर्ष लागते, आणि तोवर त्याची पुन्हा बदली झालेली असते.