संगणक आणि ग्रामीण युवक

शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरभरतीची जाहिरात, परीक्षेचा निकाल हे सारे आज प्रथम संगणकाच्या पडद्यावर येते. ज्याच्या हाती हे साधन नाही, त्या युवकाची संधी त्याला कळण्यापूर्वीच निघून जाते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातील एकुलता एक भ्रमणध्वनी वडिलांबरोबर शेतावर, अशा स्थितीत अनेक मुलांचा अभ्यास खुंटला. घरात साधन असले, तरी ते मुलीच्या हाती पडतेच असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष ५७.१ टक्के, तर स्त्रिया अवघ्या ३३.३ टक्के होत्या.

महाराष्ट्रातील प्रयत्न तसे जुने आहेत. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. परंतु त्याचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता राहिला. यंत्र पोहोचले म्हणजे विद्या पोहोचली, असे नव्हे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तेथून पाड्यावरील मुलापर्यंतचे अंतर शाळेने आणि गावच्या वाचनालयाने भरून काढावयाचे आहे. त्यासाठी शिकविणारी व्यक्ती हवी आणि खोलीची किल्ली वेळेवर मिळावयास हवी. मुलींसाठी दिवसाची वेळ राखून ठेवणे इष्ट. अंधार पडल्यावर पाड्यावर एकटीने परतणे सोपे नसते.